हाक कुणाला मारायची?

वाचकांची पत्रे, बाईंची उत्तरे

गेल्या अंकात मी म्हटले होते, की गाव, घर, मुलूख सोडावे लागलेल्या माणसाची कविता हातात आली की आधी ती कुणाशी बोलते आहे ते बघावे. वाटेतल्या हालअपेष्टा मग. त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांनी भरभरून लिहिले. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून ज्या पत्रांत स्वतःच्या घरातले, गल्लीतले काही होते ती निवडली. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

बाई, सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाईंचं माहेर कागल तालुक्यातलं, सासर इकडे निपाणीजवळ. कोरोनात कोगनोळीचा नाका बंद होता. पंचमीला त्यांचे भाऊ चोळी-पातळ घेऊन आले आणि पुलावरूनच परत गेले. त्या दिवशी शेंगा फोडत बसल्या असताना सासूबाई आपल्याशीच म्हणाल्या:

दूधगंगेच्या गं पुलावरी लाकूड आडवं केलं
बंधवाचं चोळीपातळ माघारी की गं गेलं

मी वहीत लिहून ठेवलं. मुलगा म्हणतो, दोन ओळींची कसली कविता! तुम्ही काय म्हणता?
एक भगिनी, निपाणी

तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा आणि त्याला या दोन ओळी माझ्याबरोबर पुन्हा वाचायला बसवा.

लाकूड आडवे कुणी केले? ओवी सांगत नाही. पोलीस नाही, सरकार नाही, रोगाचे नावही नाही. ज्या बाईला अडवले गेले तिला अडवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसते ते फक्त आडवे लाकूड. दुसऱ्या ओळीत तर त्यांनी फार मोठे काम केले आहे. माघारी कोण गेले? भाऊ गेला. पण तसे त्या म्हणत नाहीत. पंचमीला बहिणीच्या दारापर्यंत न पोचता भावाला परतावे लागणे ही त्याच्या मनाला लागणारी गोष्ट. सासूबाईंनी ती भावाच्या अंगावरून काढून चोळीपातळावर घातली. भावाचा मान राखला, आणि ते कापड, जे अंगावर यायचे होते, ते घडीसकट पुलावरून मागे फिरताना आपल्याला दिसते. अशी ओळ सुचायला माणसाने जन्मभर ओव्या म्हटलेल्या असाव्या लागतात.

आता तो ‘गं’ बघा. शेंगा फोडताना त्या आपल्याशीच म्हणाल्या असे तुम्ही लिहिता. मग ‘गं’ कुणाला? ओवीत ही ऐकणारी नेहमीच हजर असते. कधी ती जात्याच्या पलीकडच्या बाजूची जाऊ असते, कधी जातेच असते, कधी माहेरची मैत्रीण, जी आता कुठल्या गावी नांदते ते ठाऊक नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी वर्षानुवर्षे खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ओव्यांत बाई घर सोडून आलेली आहे आणि कुणाला तरी सांगते आहे. आपल्या भाषेत स्थलांतराची सर्वांत जुनी कविता हीच. बायकांनी केलेली, आणि कुणी तिला त्या नावाने न ओळखलेली.

सासूबाईंच्या बाबतीत त्यावर आणखी एक थर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला आणि चंदगड तालुका मात्र त्यातून निघून कोल्हापूरला जोडला गेला. त्या दिवशी कुणी गाठोडे बांधले नाही. पण निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड या पट्ट्यात असंख्य बायकांचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात झाले. रोजच्या जगण्यात ते जाणवतही नव्हते. एसटीत बसले की कागल येते. नाका बंद झाला त्या दिवशी मात्र या बायकांना कळले, की आपण एवढी वर्षे सीमा ओलांडत होतो.

एक विनंती. वहीत ओवी लिहिली त्याखाली त्या दिवसाची हकिगत लिहून ठेवा. त्यांच्या बोलण्यातला एकही उच्चार सुधारू नका, ‘बंधवाचं’ आहे ते ‘बंधूचं’ करू नका. जमले तर त्यांचा आवाज मोबाइलवर घ्या. चाल लिहिता येत नाही.

आदरणीय बाई, मी खानापूर तालुक्यातला. सोबत ‘रक्ताळलेली सीमा’ ही माझी कविता पाठवतो आहे. आमच्या भागातल्या साहित्य संमेलनात कविकट्ट्यावर वाचली, टाळ्या पडल्या, पण एका जाणत्या कवींनी नंतर बाजूला घेऊन ‘भाषण झालंय’ असं सांगितलं. मला वाईट वाटलं. या विषयावर मी मनापासून लिहिलंय. आमच्या आजोबांनी काय सोसलं ते मी बघितलंय. ते हरिविजय वाचायला बसले की अख्खी गल्ली गोळा व्हायची, पण जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आला की कचेरीच्या पायरीवर कुणाला तरी धरून, कागदावर बोट ठेवून विचारायचे, ‘हितं माझं नाव हाय न्हवं?’ कवितेत नेमकं काय चुकलं?
एक तरुण वाचक, खानापूर तालुका

तुझी कविता मी लक्ष देऊन वाचली. तुझे मन खरे आहे याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच स्पष्ट लिहिते.

कवितेत काटेरी तार आहे, रक्ताचे पाट आहेत, पंख छाटलेला पक्षी आहे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागून शिनोळीला चंदगड तालुक्यात पाय ठेवेपर्यंत तुला कुठे तार दिसली? मी त्या रस्त्याने आयुष्यभर ये-जा केली आहे. तिथे दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरे बदलतात, गाड्यांचे नंबर बदलतात, शेतातले भात तेच राहते. तार दुसऱ्या कुणाच्या कवितेतून तुझ्या कवितेत आली आहे. ज्यांनी ती खरोखर ओलांडली त्यांची ती आहे, ती त्यांना परत दे.

तुझे स्वतःचे जे आहे ते तुझ्या पत्रात आहे! ‘हितं माझं नाव हाय न्हवं?’ या एका वाक्यापुढे तुझी सगळी कविता मला फिकी वाटली. पोथी वाचणारा माणूस. अक्षरांवर हुकमत असलेला, गल्ली ज्याच्या तोंडाकडे बघायची असा. त्याला स्वतःच्या जमिनीच्या कागदावर स्वतःचे नाव दुसऱ्याला विचारावे लागते. जमीन गेली नाही, घर गेले नाही, तो जागचा हललाही नाही, आणि तरी कचेरीच्या पायरीवर तो परमुलखात उभा आहे. आघात म्हणतात तो हा. तो हळू आवाजात झालेला आहे, म्हणून कवितेनेही आवाज चढवू नये.

महमूद दरवीश हे पॅलेस्टाइनचे कवी. १९४८ साली लहानपणी त्यांचे अल-बिरवा हे गाव सुटले. कुटुंब लेबनॉनला गेले, चोरून परत आले, तेव्हा गाव उरलेच नव्हते. पुढे त्यांनी ओळखपत्रावर जी कविता लिहिली ती जगभर गाजली. ती कुणाशी बोलते? एका कारकुनाशी. लिहून घे, असे त्याला सांगत सांगत तो माणूस आपल्या कार्डाचा नंबर सांगतो, मुले आठ आहेत आणि नववे उन्हाळ्यानंतर येणार आहे म्हणतो, आजोबा शेतकरी होते हे सांगतो. दुःखी आहे असे म्हणत नाही. टेबलापलीकडच्या माणसाला एकेक माहिती पुरवत जातो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तुझ्या आजोबांचे आणि त्या माणसाचे भोग सारखे नाहीत, हे आधीच सांगते. पण कवितेची बैठक कशी धरायची ते इथे शिकण्यासारखे आहे. तुझी कविता ‘हे जगा, ऐक’ अशी सुरू होते. जगाला सांगायला गेले की भाषण होते. पायरीवरच्या त्या अनोळखी माणसाला सांग. आजोबांनी ज्याला धरले तो कोण होता? कन्नड शिकलेला एखादा पोरगा असेल, त्याने बोटाखालचे नाव वाचूनही दाखवले असेल. त्याला कवितेत आण. त्याने वाचलेले नाव आजोबांना त्यांच्याच नावासारखे ऐकू आले का?

आपल्या घरचाही एक दाखला देते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाचे गाणे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव गाजली, आपल्या सीमाभागातल्या जुन्या माणसांना तर ती तोंडपाठ आहे. अण्णाभाऊ वाटेगावचे. लहान वयात वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले. ती छक्कड पुन्हा ऐक. कितीतरी वेळ त्यात सीमेचे नावच नाही. मुंबईला पोट भरायला आलेला नवरा गावी राहिलेल्या बायकोचे रूप आठवतो, तिचा बांधा, तिचा रंग, निघतानाची तिची समजूत. मुंबईत त्याला काय दिसते ते सांगतो. ऐकणाऱ्याला मैनेची पुरती ओढ लागली, की मग शेवटाकडे अण्णाभाऊ म्हणतात, या तुटलेल्या महाराष्ट्राची गतही तीच झाली आहे, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे घेतात. आधी माणूस, मग मुलूख. हा क्रम त्यांनी उलटा केला असता तर ती घोषणा झाली असती आणि सभा संपल्यावर विरून गेली असती. घरी राहिलेल्या बायकोसाठी जीव तुटणे काय असते ते ठाऊक असलेल्या गिरणी कामगाराला त्यांनी बेळगावचे दुःख समजावून दिले. ज्याने बेळगाव कधी पाहिलेही नव्हते त्याला.

कविता पुन्हा लिही आणि मला पाठव. ‘रक्ताळलेली’ हा शब्द पुढची काही वर्षे तरी वापरू नकोस.

बाई, पंजाबच्या फाळणीवरच्या कवितांचं जगभर कौतुक होतं. आमच्या सीमाभागानं १७ जानेवारी १९५६ पासून माणसं गमावली, पिढ्या गेल्या, आणि आमच्या कवितेकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन्ही दुःखं एकच नाहीत का?
एक ज्येष्ठ वाचक, शहापूर, बेळगाव

अण्णा, तुमच्या शब्दांतली तळमळ मला कळते. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला मीही जात आले आहे. पण दुःखे एकच आहेत असे मी म्हणणार नाही, आणि तसे म्हटल्याने आपली कविता लहान होईल असे मला वाटते.

१९४७ साली एक कोटीहून जास्त माणसांनी घरे सोडली. आगगाड्या प्रेतांनी भरून आल्या. आपल्याकडे गोळीबार झाला, तुरुंग भरले, सत्याग्रह झाले. १९६७ साली सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, त्याने ना बेळगावचे समाधान झाले ना प्रश्न मिटला. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. शाळेची, कचेरीची, पाटीची भाषा बदलणे, तिसऱ्या पिढीपर्यंत अर्ज करत राहणे, हे आपले भोगणे. ते लांबलचक आहे. त्यात एक रात्र अशी नाही की जिच्यावर बोट ठेवून सांगावे, या रात्री सगळे गेले. म्हणून फाळणीच्या कवितेचा आक्रोश उसना आणला की तो आपल्या तोंडी खोटा वाटतो, आणि ज्यांच्या घरात खरोखर तसे घडले त्यांचा अपमान होतो.

त्या कवितेतून घेण्यासारखे वेगळेच आहे. अमृता प्रीतम लाहोरहून निर्वासित होऊन आल्या. दिल्लीहून डेहराडूनला जाताना रात्री रेल्वेत त्यांना ती सुप्रसिद्ध कविता सुचली. ती त्यांनी कुणाला उद्देशून लिहिली? नेत्याला नाही, देवाला नाही, शेजाऱ्यालाही नाही. अठराव्या शतकातल्या वारिस शाहला, ज्याने हीर-रांझ्याची प्रेमकथा गायली. कबरीतून बोल, असे त्या त्याला म्हणतात. पंजाबची एक लेक रडली तर तू एवढे लिहिलेस, आज लाखो लेकी रडत आहेत. मला नेहमी वाटते, जिवंत माणसांत हाक मारायला कुणी उरले नव्हते. जो तो कुठल्या तरी बाजूचा झाला होता. वारिस शाह तेवढा दोन्हीकडचा होता. मुसलमान, शीख, हिंदू, सगळ्यांच्या घरी त्याची हीर गायली जायची. त्याला हाक मारल्याबरोबर अख्खा पंजाब, तुटण्याआधीचा, कवितेत येऊन उभा राहतो.

मग आपल्याकडे असा दोन्हीकडचा कोण? मला तरी एकच दिसतो. ‘कानडा हो विठ्ठलु’ म्हणत ज्याला मराठीने आपला मानला आणि पुरंदरदासांनी ज्याला कन्नडमध्ये आळवले, तो. आषाढीला बेळगाव, चिकोडी, गोकाक भागांतून दिंड्या निघतात त्यांत दोन्ही भाषांतली भजने कानावर येतात. कुणाची मातृभाषा कुठली हे पंढरपूरच्या रांगेत विचारले जात नाही. सीमाप्रश्नावरच्या कवितेने विठ्ठलाला जाब विचारलेला मला वाचायचा आहे. तू दोन्ही भाषा जाणतोस, मग सांग, असे कुणी तरी त्याला खडसावले पाहिजे.

आणखी एक. सीमेच्या पलीकडे जत, अक्कलकोट भागात कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या आजोबांनीही कुणाला तरी मराठी कागदावर बोट ठेवून विचारले असेल. आपल्या हक्काचा लढा आपण सोडू नये. मी तो सोडलेला नाही. पण कविता लिहायला बसल्यावर तो पलीकडचा म्हातारा दिसत नसेल, तर आपल्या आजोबांनाही आपण नीट पाहिलेले नाही.

हिवाळ्यात बेळगावात स्वेटर विकायला तिबेटी लोक बसतात. त्यातल्या एका आज्जींशी माझी ओळख झाली आहे. त्यांच्यावर कविता करावीशी वाटते. पण मी कधी गाव सोडलं नाही, मला तो अधिकार आहे का?
एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव

अधिकार मागायचा तर त्या आज्जींकडे माग. त्यांना विचार, लिहू का म्हणून. आणि लिहिण्याआधी पुष्कळ ऐक.

उत्तर कन्नडातल्या मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत १९६६ पासून आहे, तुझ्या आज्जी कदाचित तिथल्याच असतील. त्यांच्यातलाच एक कवी मी तुला सुचवते. तेन्झिन त्सुंदू. आईवडील तिबेटमधून पळून आले, हिमाचलात रस्त्याच्या कामावर मजुरी केली. हा भारतात जन्मला, आपली नेमकी जन्मतारीख त्याला ठाऊक नाही. मुंबई विद्यापीठात शिकत असताना वर्गमित्रांनी पैसे जमवून १९९९ साली त्याचे पहिले पुस्तक काढले. त्यात सीमा ओलांडण्यावरच एक कविता आहे. रात्री चालायचे, दिवसा लपायचे, असे करत बर्फातून मुलांना घेऊन निघालेली आई त्यात बोलते. डोक्यावरून विमान गेले की ती मुलांना छातीखाली घेते. हा कवी त्या वाटेवर नव्हता. त्याचा जन्मही झालेला नव्हता. पण त्याने ‘माझ्या आईने सोसले’ असे लिहिले नाही, आईलाच बोलू दिले.

त्याला तो आवाज घरात मिळाला होता. तुला मिळालेला नाही, म्हणून तू आज्जींच्या तोंडून बोलू नकोस. तू स्टॉलच्या अलीकडची मुलगी आहेस, तिथूनच लिही. त्या तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलतात, हिंदी की कन्नड? तुझ्या मापाचा स्वेटर त्या खांद्यावर लावून बघतात तेव्हा काय म्हणतात? डिसेंबरात तुम्हाला थंडी वाजते, त्यांना वाजते का? तुला जेवढे दिसले तेवढेच लिहिलेस तर ती कविता प्रामाणिक होईल. बर्फ तू पाहिलेला नाहीस, तो लिहू नकोस.

बाई, मी चिकोडी तालुक्यात मराठी शाळेवर शिक्षक आहे. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांची काही मुलं फडावरून आमच्या वर्गात येऊन बसतात, कारखान्याचा हंगाम संपला की निघून जातात. भाषा आमचीच, पण गप्प असतात. स्थलांतरावरची एखादी सोपी कविता सुचवा, म्हणजे ती बोलती होतील.
एक शिक्षक, चिकोडी तालुका

गुरुजी, तुम्ही त्यांना वर्गात बसवून घेता, त्याबद्दल आधी नमस्कार. पुष्कळ ठिकाणी ती मुले दारातूनच परत जातात.

स्थलांतरावरची कविता त्यांना देऊ नका. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, पहाटे थंडीत फडावर जाणे, बैलगाडीत उसाच्या मोळ्या, पाचटाची खोप, हे त्या मुलांना पाठ आहे. ते कवितेत ऐकवून त्यांना काय नवीन मिळणार? तुमच्या वर्गातल्या गावच्या मुलांना ते ऐकवा, त्यांना गरज आहे. आपल्या शेतातला ऊस कोण तोडते हे त्यांना दिसते, पण ती माणसे कुठून आली हे त्यांना माहीत नसते.

टोळीतल्या मुलांना मात्र एक प्रश्न विचारा: घरी कोण राहिलंय? बहुतेकांच्या मागे कुणी तरी राहिलेले असते. आजी-आजोबा, शाळेसाठी ठेवलेली मोठी बहीण, शेळी, कुत्रा. त्या एकाला चार ओळी लिहायला सांगा. पत्र म्हणा, कविता म्हणू नका. यमकाचे नाव काढू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, तुम्ही लिहून घ्यावे, त्याच्या बोलीत, बीडकडच्या. ‘आलाव’, ‘गेलाव’ असे ते म्हणाले की गावची मुले हसतील, त्यांना तेवढे आवरा.

माझ्या वर्गात असे एक मूल होते. खानापूर भागात त्या वर्षी कुठल्याशा खाणीच्या कामावर आलेल्या कुटुंबातले. वर्गात महिनाभर तोंड उघडले नाही. मी सगळ्यांना निबंध दिला, ‘माझे घर’. त्याने पाटीवर चौकोन काढला आणि त्यात आठ-नऊ नावे लिहिली, बस्स. मी विचारले, ही कोण? म्हणाला, हे सगळे तिकडं एका खोलीत झोपत्यात, मी मधी असतो. त्यातले एक नाव त्याचे स्वतःचे होते. ते त्याने पुसून टाकले होते. पाटीवर खडूचा पांढरा डाग होता तिथे.

त्या पाटीत जे होते ते मला पुढे मोठमोठ्या कवींच्या संग्रहांतही क्वचितच भेटले. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, कविता शोधत बसू नका, मुलांपुढे कोरा कागद ठेवा. पोस्टकार्डे आणलीत तर उत्तम. ती अजून मिळतात, एकाला पन्नास पैसे पडतात. लिहून झाली की खरोखर टाका. पत्ता मुलांना नीट सांगता येणार नाही, मुकादमाकडून किंवा आईवडिलांकडून पिनकोडसकट घ्या. आजीला वाचता येत नसले तरी तिथला कुणी तरी वाचून दाखवेल. उत्तरासाठी शाळेचा पत्ता कार्डावर घाला आणि उत्तर हंगाम संपायच्या आत यावे म्हणून कार्डे डिसेंबर उजाडायच्या आत पेटीत पडू द्या.

पुढच्या अंकासाठी पत्रे पंधरा तारखेपर्यंत पाठवावीत. आजीच्या, आईच्या ओव्या पाठवणाऱ्यांनी गावाचे आणि तालुक्याचे नाव जरूर लिहावे.